वाक जरा

"आधी मागचे बघा, भाऊ," काशी म्हणाली. "शिमग्यातले बघा. शिमग्यात त्याची तब्येत चांगली होती."

इंद्रजीतने लॅपटॉपवर शिमग्यातले फोटो उघडले. तळ्याच्या काठावर पळस फुललेला. पाणी ओसरल्यामुळे बुडीत झाडांची खोडं वर आलेली आणि एकेका खोडावर पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे. पिसं मोजून घ्यावीत इतके स्वच्छ फोटो. माणूस मात्र एकाही फोटोत नव्हता.

काशीचा नवरा धाकलू जाऊन आठवडा झाला होता. छातीत कळ आली आणि शहापूरला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. आता दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता, आणि घरात धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता तो किन्हवलीच्या फ्रेमवाल्याने मोठा करून दिला, तर त्यात धाकलू कुठला आणि डाग कुठला तेच कळेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, अरे, शहापूरचे इंद्रजीतभाऊ आहेत की! पाच उन्हाळे झाले, दर रविवारी तो माणूस कॅमेरा घेऊन धाकलूच्या होडीत बसतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

इंद्रजीतलाही निरोप मिळाला तेव्हा तसंच वाटलं होतं. हजारो फोटो होते, त्यात एक निघणार नाही? म्हणून तर तो शोधत न बसता लॅपटॉप उचलून तसाच आला होता. आता ओटीवर बसून एकेक फोटो पुढे सारत होता. चैत्रातली टिटवी, अंड्यांवर बसलेली. राखी बगळा. खंड्या, चोचीत मासा. पुन्हा खंड्या. एका फोटोच्या कोपऱ्यात वल्ह्याचं टोक दिसलं, तेव्हा काशी पुढे सरकली. पण ते टोकच होतं.

धाकलू होडीत इंद्रजीतकडे तोंड करून बसायचा आणि वल्ही मारायचा. पक्षी त्याच्या पाठीमागे दिसला की इंद्रजीत हळूच म्हणायचा, "धाकलू, वाक जरा." धाकलू वल्ही पाण्याबाहेर धरायचा आणि गुडघ्यांत डोकं घालायचा. पहिल्या उन्हाळ्यात सांगावं लागलं. पुढे लागलं नाही. कॅमेरा वर गेला की धाकलू खाली. शहापुरात इंद्रजीत कौतुकाने सांगत असे, असा नावाडी मिळायला नशीब लागतं.

"लग्नात काढले असतील ना गं?" त्याने वैष्णवीला विचारलं.

वैष्णवी ही धाकलूची एकुलती मुलगी. मुरबाडकडे दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिने आतून अल्बम आणला आणि त्याच्यासमोर उघडला.

"हे बघा, हे माझे बाबा," ती म्हणाली.

कन्यादानाचा फोटो होता. नवरी, नवरदेव, भटजी, काशी. काशीच्या शेजारी एक नवाकोरा पांढरा सदरा, कमरेत वाकलेला. डोकं कुठे दिसतच नव्हतं. पुढच्या फोटोत सगळं गणगोत रांगेने उभं आणि मधोमध तोच सदरा, तसाच वाकलेला. त्याच्या पुढच्यातही तेच.

"फोटोवाला वरडून दमला, काका. अवो, वर बघा, वर बघा! तर बाबा काय बोलतात? तुमी काढा हो, मीच मधी येतोय." वैष्णवी हसली. "अख्खा मांडव हसत होता. मोबाइल उचलला तरी वाकायचे. कुठून खोड लागली देव जाणे."

काशीही हसली. मग तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि दाराकडे बघत राहिली.

इंद्रजीतला हसता येईना. खोड कुठून लागली हे त्या ओटीवर त्याच्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर येऊन राहिलं.

"माझ्या बाळाला दाखवायला तरी एक पायजे होता," वैष्णवी अल्बम मिटत म्हणाली. "आजोबा म्हणून काय सदरा दाखवू?"

इंद्रजीत पुन्हा लॅपटॉपकडे वळला. आता तो भराभर फोटो सारत होता, नुसतं काहीतरी करत राहायचं म्हणून. बगळा, बगळा, वेडा राघू. मग मधेच एक भलताच फोटो आला. सगळं हिरवं पाणी फराटलेलं आणि त्यात एक पांढरी रेघ. तो बगळा असावा. इंद्रजीतने पुढे जायला बोट उचललं.

"थांबा, थांबा," काशी म्हणाली. "ह्यो काय?"

"काही नाही, वहिनी. हललेला आहे. असले मी पुसूनच टाकतो, हा चुकून राहिला."

"हललेला म्हंजे?"

"म्हणजे मी बटण दाबलं आणि नेमकी तेव्हाच होडी हलली."

काशी उठून लॅपटॉपच्या अगदी जवळ येऊन बसली. बराच वेळ ती त्या पांढऱ्या रेघेकडे बघत होती. बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"कवाचा हाय?"

"या वैशाखातला. आम्ही शेवटचे गेलो होतो तेव्हाचा."

"मंग हाच द्या," काशी म्हणाली. "काचेत बसवून द्या. दहाव्याला हाच ठेवू."

वैष्णवीने आईकडे पाहिलं. लहान मुलाला समजवावं तसं इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, यात धाकलू कुठंच नाही."

"नाय?" काशीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळून बघितलं. "मंग होडी हालवली कोणी?"