कडबोळ्याचा एकही केस

"अज्जी, तुमचा कडबोळ्या कुत्रा होता की मेंढी?"

प्रश्न विचारून भव्याने मागे वळून पाहिलं. मुग्धा आणि बाकीच्या दोघी विजेच्या खांबाआड तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. त्याच खांबावर झेरॉक्सचा काळपट कागद चिकटवला होता. कुरळ्या केसांचा कुत्रा दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पळाला आहे, सापडल्यास कळवावे. पैज एका गोली सोड्याची होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आपण कुणालाही काहीही विचारू शकतो, असं भव्याचं स्वतःचंच म्हणणं होतं.

फाटकातल्या भागीरथीबाई रागावल्या नाहीत.

"दोन्ही होता," त्या म्हणाल्या. "आत ये. चकल्या उरल्यात, खा."

भव्या ऐटीत आत गेली. सोडा तर जिंकलाच, वर चकली.

"तू गिरीधर टेलरची ना? माझे सगळे ब्लाऊज तोच शिवतो."

"हो! आठव्या क्रॉसवर, त्या गल्लीच्या तोंडाशीच. खाली दुकान, वर आम्ही."

भिंतीवर रंगीत फोटो होता. मधाच्या रंगाच्या केसांचा ढीग आणि त्यात कुठेतरी एक नाक.

"मागच्या गल्लीतल्या कर्नलांची कॉकर कुत्री आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा पूडल," भागीरथीबाई सांगू लागल्या. "दोन्ही घरांचं महिनाभर बोलणं बंद होतं. मग पिल्लं झाली, इतकी गोड, की ती कुणाची यावरून पुन्हा भांडण. त्यातलं एक मला मिळालं. मला दमा आहे. डॉक्टर म्हणाले, याचे केस गळत नाहीत, हा चालेल."

बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं, तशा त्या बोलत होत्या.

"डाव्या कानामागे खाजवलं की मागचा पाय हवेत फिरवायचा. सायकल चालवल्यासारखा."

भव्याने अर्धी चकली बशीत परत ठेवली.

"येते मी, अज्जी."

बाहेर मुग्धाने सोड्याची बाटली पुढे केली. "घे, वाघीण! काय झालं? ओरडल्या?"

"नाही. तूच पी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच आली.

"अज्जी, असला कुत्रा घरात ठेवायचा तर काय काय माहीत लागतं?"

"तुम्ही घेताय?"

"बघतोय."

भागीरथीबाईंनी चष्मा पुसला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं. "हुशार जात. पण मनाला लावून घेणारी. एकटं ठेवलं की दाराशी बसून राहतात."

"नव्या घरात जेवतात?"

"सुरुवातीला नाही. आणि स्टीलच्या ताटलीत तर तोंडच घालत नाही. आपलंच तोंड दिसतं ना त्यात. मातीच्या परळात दहीभात द्यायचा, स्वल्प गूळ घालून."

त्यानंतरच्या दिवशी भव्या उड्या मारत आली. "अज्जी, अजून सांगा!"

अज्जींनी सांगितलं. आंघोळीनंतर कान आतून कोरडे करायचे. कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली जाणार, त्याला बोलवायचं नाही, आपोआप येतो. भव्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती.

"आणि केस दर दोन महिन्यांनी कापायचे. माझे हात थरथरतात, राहूनच गेलं. नुसत्या गाठी झाल्या होत्या. मागे एकदा माझ्या मुलाने, उल्हासने, मशीनने सगळे काढले होते. मीच ओळखलं नाही त्याला. आत इतकंसं निघालं, गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्यासारखं."

भव्याने वही मिटली.

"झालं एवढ्यात?"

"पान संपलं, अज्जी."

शुक्रवारी ती गेली तेव्हा ओसरीवर दोन बॅगा बांधून ठेवल्या होत्या.

"रविवारी उल्हास येतोय," भागीरथीबाई म्हणाल्या. "पुण्याला नेणार मला. घर बंद करायचं."

"आणि कडबोळ्या आला तर?"

"पंधरा दिवस झाले. उल्हास म्हणतो, अम्मा, आता पुरे. मीही म्हटलं, सरी, तसंच करू."

फाटकापाशी मातीचं परळ होतं. त्यातल्या दहीभाताला मुंग्या लागल्या होत्या.

"दुसरी कुत्री गेली तरी सोफ्यावर, साडीवर थोडीफार राहतात," त्या म्हणाल्या. "काल मी सगळ्या चादरी झटकल्या. पलंग सरकवून घेतला. एक केस सापडला असता, तर डबीत घालून नेला असता. पण या जातीचं हे असं आहे. मागे काही ठेवत नाही."

त्या रडल्या नाहीत. परळ उचलून मोरीत विसळायला घेऊन गेल्या.

भव्यालाही रडू आलं नाही. काहीच आलं नाही. पंधराव्या क्रॉसपासून आठव्यापर्यंत पाय आपले चालत राहिले. वाटेत मुग्धाने हाक मारली, ती तिने ऐकली आणि तशीच पुढे गेली.

दुकानात बाबांची मशीन चालू होती. आई पायरीवर बसून अवरेच्या शेंगा सोलत होती.

"आलीस? हातपाय धू आधी. तोंड बघ कसं झालंय. परीक्षेचे मार्क मिळाले काय?"

 दप्तर टाकून भव्या मशीनमागच्या चिंध्यांच्या पोत्याशी गेली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"काय शोधतेस गं?" बाबांनी पाय थांबवला. मशीन बंद झाली.

तिने हात बाहेर काढला. मुठीत कुरळ्या केसांचा मधाच्या रंगाचा, गाठी झालेला पुंजका होता, दिवाळीत बाबांनी कात्रीने उतरवलेला. कटिंगच्या टेबलाखाली कुणाचं तरी शेपूट जमिनीवर दोनदा आपटलं.

"आई, बाबा," स्पर्धेत उभी राहिली होती तशी ताठ उभी राहून ती म्हणाली, "उद्या सकाळी मी मोत्याला पंधराव्या क्रॉसवर नेऊन देणार आहे. त्याचं नाव मोत्या नाही."