मोकळी तार

चूक शाळकरी पोरानेही केली नसती अशी. रुग्णाच्या उशाशी राहून नाडी दाखवणाऱ्या यंत्राची प्रणाली तिने लिहिली होती. त्यातली मोकळी मेमरी पानांत मोजलेली, लागणारी किलोबाइटमध्ये, आणि एका पानात किलोबाइट मावतात चार. हिने ते दोन आकडे तसेच शेजारी ठेवून ताडले. जागा संपली असं समजून यंत्राने इशाऱ्याचा प्रोग्रामच बंद केला. वॉर्डातल्या म्हाताऱ्याची नाडी मंदावत जाऊन थांबली, तरी यंत्र मुकंच राहिलं. खापर नर्सच्या डोक्यावर फुटलं. ही मूग गिळून बसली.

आता तेच यंत्र तिच्या टेबलावर होतं. तिने पानांना चाराने गुणलं, एवढीच काय ती दुरुस्ती, आणि चाचणी सुरू केली. या वेळी इशाऱ्याचा प्रोग्राम बंद पडला नाही.

पडद्यावर नाडी उमटली. मंद, अडखळणारी.

"तार स्वतःला लावलीस की काय?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

"नाही सर." तिने रुग्णाच्या अंगाला लावायची तार उचलून दाखवली. टोक मोकळंच होतं.

"मग जुनं काहीतरी राहिलं असेल आत. बंद करून चालू कर, जाईल."

जुनं सगळं तिने सकाळीच स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

तिचं बोट बटणाकडे गेलं, तशी नाडी धावू लागली. तिने बोट मागे घेतलं. नाडी हळूहळू निवली.

"अगं, दाब ना," साहेब हसून म्हणाले. "आत कोणी थोडंच बसलंय."