रंगांची पेटी

स्वातंत्र्यदिनासाठी शिशुवर्गातल्या अठरा मुलांनी कागदी झेंडे काड्यांना चिकटवले, पण मावशी रंगांची पेटी घरीच विसरून आल्या. बाईंचा पारा चढला. "आता हे कोरे कागद घेऊन मुलांनी मिरवायचं का, मावशी?"

तेवढ्यात रस्त्यावर गोळीबार सुरू झाला. बाईंनी सगळ्यांना खिडकीखाली दडवलं. बाहेर भोंगा गरजला, "शाळेत लपलेल्यांनो, शरण या! दहापर्यंत मोजतोय, मग गोळ्या घालू. एक... दोन..."

"मुलांनो, वाकूनच राहा आणि झेंडे खिडकीबाहेर धरा," बाई कुजबुजल्या.

"पण बाई, रंग द्यायचे राहिलेत ना!"

"बरं झालं राहिलेत," बाई मावशींकडे बघत म्हणाल्या.



अठरा पांढरे झेंडे खिडकीबाहेर हलले आणि भोंग्यावरचे आकडे नऊवर थांबले.