लाल-पांढरी काडी

"मिळाली!" असं ओग्न्यान ओरडणारच होता, तेवढ्यात स्तोइलनं मातीचा हात त्याच्या तोंडावर दाबला.

अंगठी. नेवेनाआजीची, हरवलेली. तळहातावर, चिखलानं माखलेली, बारीकशी. कांद्याच्या वाफ्यात धातू शोधायचं मशीन फिरवायला लागून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वेल्कोआजोबा अजून घरातच, या दोघांसाठी रकिया दारूची बाटली शोधत होते.

"लगेच दिली तर काय मजा?" स्तोइल कुजबुजला. "म्हातारा रडणार, गालांचे पापे घेणार, खेळ खल्लास. जरा शोधू दे की त्यालाही."

"अरे, रविवारी आजीला जाऊन चाळीस दिवस होतात. तिची अंगठी बोटात घालून कबरीवर जायचंय त्याला."

"आज शुक्रवार आहे ना? तासाभरात देऊन टाकू."

तासाभराचं काय एवढं! ओग्न्यानला हसू यायला लागलंच होतं.

अंगठी परत खड्ड्यात गेली, माती सारखी झाली. आता खूण. त्यांच्या खुणा घरच्याच असायच्या, कबाबच्या काड्या आणि टोकाला बहिणीचं नेलपॉलिश. पण ही काडी लांबून वेगळी ओळखू यायला हवी. स्तोइलनं मनगटावरचा, एक मार्चला शकुन म्हणून बांधलेला लाल-पांढरा दोरा हिसकून तोडला आणि काडीला गुंडाळला.

"करकोचा दिसायच्या आधीच काढलास? वर्ष वाईट जाणार बघ तुझं."

"येऊ दे करकोच्याला, बघतो त्याच्याकडे."

मग स्तोइलनं कचऱ्याची पिशवी उघडली. आत बिअरच्या कॅनच्या कड्या, सबंध वर्षभर खणलेल्या, शिव्या घालत खणलेल्या. कारण मशीनला सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी सारखीच. दोन्हीला एकच सूर. स्तोइल मुठी भरभरून गहू पेरावा तशा कड्या पेरत सुटला, मागून ओग्न्यान दंताळं ओढत माती सारखी करत गेला. शेवटी कुठंकुठं साध्या वीस काड्या रोवल्या.

आजोबा बाटली घेऊन आले ते बघतच राहिले. "एवढ्या जागा?"

"मशीन म्हणतंय सोनं, आजोबा! पण खणायचं तुम्ही. तुमच्याच हाताला लागायला हवी ना ती."

त्यांना पटलं. बाटली बाजूला ठेवून ते गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजलेले ऐकू आले.

पहिली कडी. शर्टाला पुसली, डोळ्यांजवळ नेली. "नाही रे, ही नाही." ती टोपीत ठेवली आणि पुढच्या काडीकडे सरकले, चक्क रांगत. चौथ्या वेळी खणायच्या आधी छातीवर क्रूस काढला. सातवी कडी चिखलात एवढी गोल दिसली की त्यांनी ती करंगळीत घालूनच पाहिली.

"नेवेनाची पण इथवरच यायची," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

ओग्न्यान मोबाइलवर शूटिंग करत होता, हात हलत होता हसून हसून. स्तोइल बाही चावत होता.

अकराव्या कडीनं त्यांचं बोट कापलं. आजोबांनी बोट चोखलं, थुंकले आणि पुढं सरकले.

"बास आता," ओग्न्यान हळूच म्हणाला. "देऊ या."

"वीस होऊ देत रे. काय पोरीसारखं!"

लाल-पांढरी काडी तीस पावलांवर होती. ओग्न्यान गेला नाही. त्यानं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला, एवढंच.

तेवढ्यात विजेच्या खांबावरच्या घरट्यातून करकोचा उतरला. यंदाचा पहिलाच.

"हलू नका!" आजोबा पुटपुटले. टोपी छातीशी धरलेली, तोंड लहान पोरासारखं उघडं.

करकोचा लांब लांब टांगा टाकत वाफ्यातून चालला. थांबला. मान वाकडी करून दोऱ्याकडे बघितलं. दोऱ्यासकट काडी चोचीत धरली, उपटली आणि उडाला. वर खांबावर घरट्यात नीट खोचलीसुद्धा.

स्तोइल मशीन उचलून धावला. सूर वाजला. हातभर पलीकडे पुन्हा वाजला. तोच. त्याच्या पलीकडे पुन्हा तोच. माती सगळीकडे सारखी, दंताळ्यानं नीट विंचरलेली.

"कुठं होती रे?" त्यानं ओग्न्यानकडे वळून विचारलं.

"तूच रोवलीस ना!"

आजोबा मात्र हसत होते, डोळे पुसत होते. "नेली की लेकाच्यानं तुमची काडी! शकुन आहे पोरांनो, शकुन!" त्यांनी बाही वर केली. मनगटावर लाल-पांढरा दोरा. "एक मार्चला बांधला तिनं. हॉस्पिटलातल्या खाटेवरून. मग पाच दिवसांनी..." गाठ सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. "करकोचा दिसला की फुललेल्या झाडाला बांधायचा आणि मनातलं मागायचं. पण तुमची एक काडी कमी झालीय. आण बघू इकडं."

ओग्न्याननं काडी दिली. आजोबांनी रक्ताळलेल्या बोटानं दोरा बांधला, डोळे मिटले, ओठ हलले.

"मागितलं. घे लेका, आता लाव बरोबर जिथं अंगठी आहे तिथं."

आणि ते पुन्हा गुडघ्यांवर बसले, ओग्न्यान काडी कुठं रोवतो ते बघत.