आठवणीला शिक्का नसतो

“पण साल कोणतं?” परवाना अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

दाढीवाला छताकडे बघू लागला. तो पबचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बँडची झाडून सगळी गाणी त्याला तोंडपाठ होती, पण साल म्हटलं की त्याची गाडी अडायची.

“साहेब, तेव्हा माझी दाढी काळी होती,” तो शेवटी म्हणाला.

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं नाही.

भानगड तशी साधी होती. पबच्या समोर अकरा वर्षांपूर्वी नवी इमारत उभी राहिली आणि तिथल्या रहिवाशांना आता वाद्यांचा त्रास व्हायला लागला होता. संगीत इमारतीच्या आधीपासून, खंड न पडता चालू आहे असं सिद्ध झालं तर परवानगी कायम. नाहीतर वाद्यं कायमची बंद. आणि वाद्यांशिवाय तो पब म्हणजे बिनमिठाचं जेवण.

पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता. तळघरात पाणी शिरून मालकाच्या कागदांचा लगदा झाला होता. अधिकारी गेल्याच महिन्यात बदलून आलेला. त्याच्या दप्तरातही या पबविषयी एक चिठोरं सापडलं नव्हतं.

मग नळदुरुस्तीवाला बायकोला घेऊन पुढे आला.

“आमची ओळखच तिथे झाली, साहेब. बँड वाजत होता.”

“कसला बँड? वीज गेली होती त्या दिवशी,” बायको म्हणाली. “हेच गात होते. म्हणून तर मी उठून निघाले होते.”

खोलीत हशा पिकला. अधिकारीही हसला, पण त्याने त्या साक्षीवर काट मारली.

ऑपरेटरबाई मागच्या बाकावरून हे सगळं ऐकत होत्या. त्या त्याच गल्लीत राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेल्या. एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नसत आणि ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळ टिपून ठेवायची त्यांना खोडच होती. निवृत्तीनंतरही ती सुटली नव्हती.

सकाळी त्या आत आल्या तेव्हा मालकाचा चेहरा पार उतरलेला दिसला. निकाल लागेपर्यंत वाद्यं बंद, असा हुकूम निघून दोन महिने झाले होते. तेवढ्यात माणूस निम्मा झाला होता.

“बाई, तुम्हीसुद्धा आलात?” तो पुटपुटला.

“यायलाच हवं होतं,” त्या म्हणाल्या.

नव्या इमारतीचा वकील मात्र भलता सभ्य निघाला. त्याने स्वतः सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.

हे दोन महिने बाईंनाही जड गेले होते. संध्याकाळ खायला उठायची. नळाची टिपटिप ऐकू यायची, घड्याळ ऐकू यायचं. माणसाने स्वतःचाच श्वास ऐकत बसायचं तरी किती? म्हणून तर कोणी न बोलावता त्या आज इथे आल्या होत्या.

“मला सांगायचंय,” त्या उभ्या राहिल्या.

“अवश्य,” वकील हसून म्हणाला. “अगदी मोकळेपणाने सांगा.”

“मंगळवारी अ‍ॅकॉर्डियनवाले आजोबा यायचे. तीनदा खोकल्याशिवाय गडी सूर लावायचा नाही. गुरुवारी तरण्यांचा बँड. त्यांचा ड्रमवाला स्टेजच्या पायरीला दर खेपेला अडखळायचा. धप्प आवाज आला की सगळा पब ओरडायचा, ‘आला!’”

“आला!” दाढीवाला बसल्या जागी ओरडला आणि ओशाळला.

“शनिवारी ती गाणारी. वरच्या सुराला तिचा आवाज फाटायचा. पण लोक एवढे गुणाचे, की नेमके तिथेच टाळ्यांचा कडकडाट करायचे. तिला बिचारीला कधी कळलंच नाही. मग दीड वर्ष ती आलीच नाही. परतली ती सतरा एप्रिलला, आठ वाजून दहा मिनिटांनी. पहिलंच गाणं, आणि वरचा सूर स्वच्छ लागला. मध्यंतरात बाळ रडलं, तेव्हा उमगलं इतके दिवस कुठे होती ते. त्या दिवशी टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचलं नाही.”

मालक आ वासून त्यांच्याकडे बघत होता. मग त्याने रुमाल काढून डोळ्यांना लावला. वकिलाचं हसू कधीच मावळलं होतं.

बाईंना मात्र हलकं हलकं वाटत होतं. हे सगळं त्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होत्या, आणि त्या संध्याकाळी आपण किती सुखात होतो हे सांगता सांगताच त्यांना कळत होतं.

“ही गाणारी परत आली त्याला किती वर्षं झाली?” अधिकाऱ्याने विचारलं.

“वीस.”

त्याने पेन खाली ठेवलं. “बाई, ऐकतच बसावंसं वाटतं. पण आठवणीला शिक्का नसतो. त्या काळातला एखादा कागद आहे का? एखादा तरी?”

“एखादा कशाला?” बाईंनी पिशवीतून दोरीने बांधलेला जाडजूड गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. “सव्वीस वर्षांचे आहेत. दर महिन्याला एक, एकही महिना चुकलेला नाही. कोणी काय वाजवलं, कधी सुरू झालं, कधी संपलं, सगळं आहे त्यात. मी स्वतः लिहिलेत. आणि प्रत्येकावर पोच दिल्याचा शिक्का आहे, तुमच्याच कार्यालयाचा.”

अधिकाऱ्याने चष्मा लावला, दोरी सोडली आणि सगळ्यात वरचा कागद मोठ्याने वाचायला घेतला.

“विषय: शेजारच्या पबमधील असह्य गोंगाट कायमचा बंद करण्याबाबत. स्मरणपत्र क्रमांक तीनशे बारा.”