चैतीची हाक

दसरू मडावीच्या घरी टपाल यायचं ते सगळं जाहिरातींचंच. गल्लीतले बाकीचे लोक ते कागद न उघडताच फेकून द्यायचे. दसरू मात्र एकेक कागद कानाशी धरायचा. प्रत्येक कागदाने आपल्या झाडाचा आवाज ऐकवलाच पाहिजे, असा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. झाडाने उभं असताना जे ऐकलं, ते कागदावर बोट फिरवलं की मंद मंद ऐकू येई. कधी वारा, कधी पाखरं, कधी लांबचा ओढा.

त्या दुपारी गाद्यांच्या जाहिरातीवर त्याने बोट फिरवलं, आणि त्याची बायको चैती शेळ्यांना हाका मारू लागली. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दसरू भिंतीला टेकून खालीच बसला. टपाल वाटणारी शेवंता दारातच थबकली.

"हा आमच्या टेकडीचा बांबू. माझी चैती तिथंच शेळ्या चारायची," तो म्हणाला. "म्हणजे तोडला."

"अर्धी टेकडी गेली, बाबाजी. 'जाहिराती नकोत' असं लिहून देणारे वाढले, तर उरलेली वाचेल. पण मग असे कागद तुम्हाला येणार नाहीत."

दसरूने पुन्हा बोट फिरवलं. चैती कुठल्याशा शेळीवर रागावली आणि लगेच हसली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्याने शेवंताकडून तसा अर्ज मागून घेतला आणि सावकाश सही केली.

"हा कागद झिजला, की तिचा आवाज मग कुठे ऐकाल?" शेवंताने हळूच विचारलं.

"उरलेल्या बांबूत ती आहेच की," दसरू म्हणाला. "तिथंच बोलू दे तिला."