दोघांचं खातं

"मी काही मागवलं नाही," दार अर्धवट उघडून वैजयंती म्हणाली.

"पैसे भरलेत, ताई. नाव-पत्ता तुमचाच आहे." डिलिव्हरीवाला पिशवी तिच्या हाती देऊन निघून गेला.

आत दोघांचं जेवण होतं. तिच्या नवऱ्याला लागायचा तसा झणझणीत ठेचाही होता.

त्याच्या मारहाणीला कंटाळून ती नांदेडहून गुपचूप रत्नागिरीला आली होती. फोननंबर बदलला, माहेरीसुद्धा पत्ता कळू दिला नाही. जेवण मागवायच्या ॲपवर मात्र दोघांचं जुनंच खातं राहिलं, आणि नवा पत्ता त्यात तिनेच भरला होता.

तिने ॲप उघडलं. नवऱ्याने निरोप लिहिला होता, 'दारात ठेवू नका, तिच्याच हातात द्या आणि मला कळवा.'

खाली डिलिव्हरीवाल्याचं उत्तर आलं होतं, 'दिलं, साहेब. ताई घरी एकट्याच दिसल्या.'